साडेतीन सेकंदांची झोप

एका बाईची चोवीस तासांची डायरी मी ती जगायच्या आधीच लिहून टाकली.

म्हणजे ती दुपारी कधी जेवली, संध्याकाळी काय केलं, रात्री किती वाजता झोपली आणि सकाळी किती वाजता उठली, हे सगळं मी आदल्या दिवशी साडेअकरा वाजता निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली तिचा अंगठाही घेतला. मी ज्योतिषी नाही. पनवेलमध्ये हृदयाच्या डॉक्टर असलेल्या एका मॅडमच्या दवाखान्यात मी टेक्निशियन आहे. लोकांच्या छातीला वायरी लावायच्या आणि आत काय चाललंय ते कागदावर उतरवून मॅडमच्या टेबलावर ठेवायचं, एवढं माझं काम. वीसेक वर्षं करतोय. माझ्याइतका भरभर ईसीजी काढणारा माणूस खाडीच्या अलीकडे नाही, हे मी स्वतःच सांगत असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मी लागलो तेव्हाचं मशीन शिवणयंत्राएवढं जड होतं. एक तापलेली सुई चौकटीच्या कागदावर रेघ जाळत जायची. खोलीत कागद करपल्याचा बारीक वास यायचा आणि पेशंटला वाटायचं, आपल्यातलंच काहीतरी जळतंय. छातीवर रबराचे फुगे दाबून बसवायचे. ते असे चिकटत, की काढताना पॉक आवाज येई आणि गोल लाल वण राहत. एका रिक्षावाल्याच्या बायकोनं त्या वणांबद्दल दवाखान्यात येऊन माझी चौकशी केली होती. आता मशीन टिफिनच्या डब्याएवढं झालंय आणि लोक तर मनगटावरच घेऊन फिरतात. परवा एक जण कर्नाळ्याचा किल्ला चढून थेट आमच्याकडे आला. घड्याळ म्हणालं ठोके एकशे साठ. मी म्हटलं, किल्ला चढल्यावर घड्याळ वेगळं काय म्हणणार?

वायरींचे रंग ठरलेले असतात. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या. पहिल्याच वर्षी मी एका माजी सरपंचांना त्या उलट लावल्या. रेघ वर जायच्या जागी खाली गेली. असं का होतं हे मी नुकतंच पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात दोन कारणं होती, पण मला त्यातलं दुर्मीळ तेवढंच आठवलं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "काका, तुमचं काळीज उजव्या बाजूला आहे." सरपंच घाबरले नाहीत, उलट खूश झाले. कपडे घालेपर्यंत त्यांनी तीन फोन केले. मॅडम आल्या, कागद पाहिला, मग वायरी पाहिल्या आणि लालच्या जागी लाल लावली. काळीज जागच्या जागी आहे हे कळल्यावर सरपंच जरा हिरमुसले.

एवढ्यावरून माणूस शहाणा व्हायला हवा होता. मी आणखी हुशार झालो.

ईसीजीची अडचण अशी की तो दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत काळीज शाळेत साहेब आल्यासारखं वागतं. मग ज्यांना अधूनमधून चक्कर येते, धडधडतं, त्यांच्यासाठी होल्टर, आमच्या बोलण्यात पट्टा. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, पाच वायरी, पाच चिकटपट्ट्या. छातीला लावून चोवीस तास घरी जायचं, रोजची कामं करायची. डबी एकेक ठोका लिहून ठेवते. पण ठोका पडला तेव्हा माणूस काय करत होता हे तिला कळत नाही. जिना चढत होता, भांडत होता की घोरत होता? त्यासाठी एक छापील डायरी देतात. वेळ लिहायची, काम लिहायचं, काही त्रास झाला तर तो लिहायचा.

ही डायरी कोणी नीट भरत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका ट्रकवाल्यानं सकाळी नऊ ते रात्री नऊ एकच शब्द लिहिला होता: 'गाडी'. एका निवृत्त शिक्षकांनी पुरवण्या जोडल्या होत्या, आणि त्यात सून काय म्हणाली हेच जास्त होतं. बाकीच्यांच्या कोऱ्या यायच्या. त्यावर मी एक तोड काढली. पट्टा लावतानाच चार प्रश्न विचारायचे आणि डायरी भरून टाकायची. माणसं जगून जगून काय वेगळं जगणार? आठला चहा, एकला जेवण, दहा ते सहा झोप. पुढे पुढे तर प्रश्नही विचारीनासा झालो. मॅडमना वाटायचं, आपल्याकडचे पेशंट हल्ली फार शिस्तीचे झालेत.

तर मावशी.

मावशी खाडीकाठच्या गावातली. साठी उलटलेली, हातात हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा, की बाहेर बसलेल्यांना वाटलं आत भांडण लागलंय. पनवेलच्या मच्छी मार्केटात त्यांची बसायची जागा होती, सासूकडून आलेली. बरोबर सून होती. हकीकत तिनं सांगितली.

"दोनदा पडल्यात. पैल्यांदा घरात. दुसऱ्यांदा मार्केटात, मावरा कापताना. हातात कोयता व्हता. बाजूच्या बाईनं धरला म्हणून, नाय तं..." तिनं मावशींच्या हातांकडे पाहिलं. "आता आमी ठरवलाय. डॉक्टर बोल्ल्या काळजात दोष हाय, तं मावऱ्याची पाटी बंद. घरात बसायचा."

"घरात बसून काय करू?" मावशी म्हणाल्या. "तुज्या शिरियली बगू?"

"नातवाला बगा."

"त्यो मोबाईल बगतो. त्यो मना बगत नाय, मी त्याला काय बगू?"

मॅडमनी ऐकून घेतलं, साधा ईसीजी पाहिला. तो बरा होता. "होल्टर लावू," त्या म्हणाल्या. "त्यात काय ते दिसेल."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या शिळा माल खपवू पाहणाऱ्याकडे पाहत असणार. मी पट्ट्या लावायला लागलो.

"बाला, यो डबा पान्यात पडला तं?"

"पाण्यात पाडायचा नाही, मावशी."

"माजा धंदाच पान्यात. बरफ, पानी, मावरा."

मग त्यांनीच कमरेची एक प्लास्टिकची पिशवी काढली, डबी तिच्यात घातली, रबर लावलं आणि पदराआड खोचली. ते पॅकिंग कंपनीच्या पॅकिंगपेक्षा चांगलं होतं. मला कौतुक वाटलं. आणि त्या कौतुकातच मी त्यांची डायरी लिहिली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणजे माझ्या परोपकाराला मोकळं रान. नऊ ते एक: मासे विक्री. एक वाजता: जेवण. दुपारी: घरकाम. रात्री दहा ते सकाळी सहा: झोप. अंगठा.

दुसऱ्या दिवशी डबी परत आली. तिला बोंबलाचा वास येत होता, पण एक ठोका वाया गेला नव्हता. पट्ट्या सोडवताना मी विचारलं, "काही त्रास झाला का, मावशी?"

"नाय," मावशी म्हणाल्या. जरा जास्तच लवकर म्हणाल्या, हे मला आज कळतं.

मी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर चढवलं. चोवीस तासांचे लाखभर ठोके चाळायचे आणि खरखर बाजूला काढायची. माणूस हलला, स्नायू ताणले, की रेघेवर खरखर उमटते. सकाळी नऊनंतर तर ठराविक तालात खरखर होती. कोयता लाकडावर पडला की रेघ उडायची. मी जाम खूश. काळजाच्या कागदावर मला मासे कापलेले दिसत होते.

आणि पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी रेघ सपाट झाली.

साडेतीन सेकंद. ऐकायला काहीच नाही, पण कागदावर साडेतीन सेकंद म्हणजे कर्जत लोकलच्या दोन डब्यांमधल्या फटीसारखे नसतात, अख्खा डबाच गायब झाल्यासारखे दिसतात. मग एक ठोका, आणि पुन्हा सगळं सुरळीत. आजूबाजूला बरीच खरखर होती. मी डायरी पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: झोप. मी खरखरीपुढे शेरा मारला: 'कूस बदलली.' दुपारी दोन ते साडेचार ठोके फार संथ होते. डायरीत घरकाम होतं. मी मनात म्हटलं, काय तब्येत आहे बाईची, भांडी घासताना अठ्ठावन्न ठोके.

मॅडमनी तो तुकडा पाहिला आणि भुवया वर केल्या. "हे झोपेत ना?"

"झोपेत, मॅडम. गाढ."

गाढ हा शब्द डायरीत नव्हता. तो मी वरून घातला.

झोपेत काही जणांचं काळीज असं थांबून थांबून चालतं आणि पुष्कळदा त्यात भिण्यासारखं नसतं, हे मॅडमनी सुनेला समजावून सांगितलं. जागेपणी असतं तर गोष्ट निराळी. तीन महिन्यांनी पुन्हा पट्टा लावू, मध्ये चक्कर आली तर लगेच या, तोवर कामाला हरकत नाही. सुनेचा चेहरा पडला. मावशी उठल्या, पदर नीट केला आणि सुनेच्या आधी दाराबाहेर पडल्या.

त्यानंतरच्या बुधवारी मी कामावर जायच्या आधी मच्छी मार्केटात गेलो. मासे घ्यायचे होते हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की एका माणसाला त्याचा धंदा परत मिळवून दिला की त्याच्या तोंडून ते ऐकावंसं वाटतं. मावशी आपल्या जागेवर होत्या. पुढ्यात मांदेली, कोळंबी, आणि एक जिताडा असा आडवा पडलेला, की आजूबाजूचे मासे त्याच्या वऱ्हाडातले वाटावेत. मला पाहून त्यांनी शेजारणीला सांगितलं, "यो बग, आमचा मशीनवाला. यानं सोडवला मना."

मी नको नको म्हणत तिथेच उभा राहिलो.

मावशींनी जिताड्याचा तुकडा काढायला घेतला. कोयता चालता चालता म्हणाल्या, "बाला, एक इचारू? मशीन बोल्ली काय नाय, म्हंजे त्या दिवशी मना झाला त्योबी काय नाय ना?"

"कुठल्या दिवशी?"

"डबा व्हता तवाच. धक्क्यावर. डोल्यापुढं काला झाला. टेम्पोला धरून उभी रायले."

"कुठल्या धक्क्यावर?"

"उरणच्या. दुसरा कंचा? मावरा काय माज्या परसात पिकतंय?"

मी विचारलं, "किती वाजता, मावशी?"

"लिलाव लागाच्या आधी. चार-सव्वाचार."

"पहाटे चारला तुम्ही झोपलेल्या नसता?"

कोयता थांबला. मावशींनी शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चार वाजता मी झोपले तं लिलावाला कोन जाल, तुजी डाक्टरीन? तीनला उठतो आमी. झोपतो दुपारी, घरी गेल्यावर." आणि मग अगदी सहज, "पन मशीन बोल्ली ना, काय नाय. मंग ती चक्कर खोटीच असंल."

वीस वर्षांत माझ्या मशीनवर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता. आणि तो नेमका मी बिघडवून ठेवलेल्या कागदावर होता. त्यांच्या हातात कोयता होता, पायाखाली ओली फरशी. रोज पहाटे त्या धक्क्यावर पाण्याच्या काठाशी उभ्या राहत होत्या, डोक्यावर पाटी घेऊन, मी दिलेल्या परवानगीनं.

मी तुकड्याची पिशवी घेऊन तडक दवाखान्यात गेलो. वाटेत एक विचार येऊन गेला, तोही सांगून टाकतो. तीन महिन्यांनी पुन्हा पट्टा लागणारच आहे, तेव्हा नीट लिहू, कुणाला कळणार आहे? हा विचार मार्केटच्या फाटकापासून रस्ता ओलांडेपर्यंत टिकला. मग मला कोयता दिसला.

मॅडम नुकत्याच आल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डायरी कोणी भरली?"

"मी."

"कधी?"

"पट्टा लावताना."

"म्हणजे दिवस उजाडायच्या आधीच." त्यांनी रेकॉर्ड उघडलं, चार दहावर आणलं. "या खरखरीला तुम्ही काय लिहिलंय?"

"कूस बदलली."

"केव्हापासून केव्हापर्यंत?"

मी पाहिलं. "साडेतीन ते सव्वापाच."

"पावणेदोन तास एक बाई कूस बदलत होती." मॅडमनी चष्मा काढला. "ही टेम्पोत बसलीय, उतरलीय, पाट्या उचलतेय. सगळं इथं लिहिलंय. मशीननं सगळं लिहिलंय." मग चष्मा पुन्हा लावून, "आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांना घेऊन या. फोन नको, फोनवर त्या नाही म्हणतील. आणि बाकीच्या सगळ्या जुन्या डायऱ्या संध्याकाळी माझ्या टेबलावर ठेवा."

मी वळलो.

"आणि ती पिशवी बाहेर."

मार्केटात परत गेलो तेव्हा गिऱ्हाईक वाढलं होतं. मला पाहून मावशी म्हणाल्या, "तुकडा कमी भरला काय?"

"मावशी, दवाखान्यात चला. तुमच्या कागदात चूक झालीय."

"मशिनीनं पास केला ना?"

"मशीननं नाही केलं. मी केलं. मी लिहिलं होतं की चार वाजता तुम्ही झोपल्या होत्या."

"तू मना इचारला?"

"नाही."

"मंग तू नापास. मी कशाला येऊ?"

शेजारची बाई हसली. मावशी नाही हसल्या. त्यांनी कोयता खाली ठेवला. मी पहिल्यापासून सांगितलं: काळीज साडेतीन सेकंद थांबलं होतं, झोपेत थांबलं असं समजून मॅडमनी सोडलं होतं, आणि जागेपणी थांबत असेल तर पुढच्या वेळी ते किती थांबेल हे कोणी सांगू शकत नाही. गिऱ्हाईकं ऐकत होती. एकानं कोळंबीचा भाव विचारला, त्याला मावशींनी हातानंच थांबवलं.

"म्हंजे ती खरी व्हती," त्या म्हणाल्या.

"हो. पण मावशी, मी विचारलं होतं, त्रास झाला का. तुम्ही नाय म्हणालात."

"मंग काय बोलू? हो बोल्ले असते तं आज हितं कोन असता?" त्यांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं. "आता सून काय बोलंल, ठाव हाय ना तुला?"

ठाऊक होतं. म्हणून तर त्या खोटं बोलल्या होत्या. मी आळसानं खोटं लिहिलं, त्यांनी जीव मुठीत धरून खोटं सांगितलं, आणि दोन्ही खोटी एकमेकांना बरोबर जुळली.

"किती दिस बसवाल घरात?"

माझ्या तोंडात 'आठ दिवस, मावशी, फार तर' आलं होतं. अगदी दातांपर्यंत. ते मी गिळलं. "मला माहीत नाही. मॅडमना विचारा."

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठल्या, शेजारणीला म्हणाल्या, "बग गो जरा," आणि रिक्षात बसल्या.

मॅडमनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं. पेसमेकर बसवावा लागेल. गळ्याखाली कातडीच्या आत एक छोटी डबी, काळीज थांबलं की तीच ठोका देणार. काही आठवडे त्या बाजूचा हात वर न्यायचा नाही, पाटी उचलायची नाही. त्यानंतर धक्का, लिलाव, मार्केट, सगळं करता येईल.

"सगळा?"

"सगळं."

"हे सुनेला सांगा. असाच सांगा. मी सांगितला तं तिला पटाचा नाय."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "कोयता कुठल्या हातात धरता?"

"डाव्या."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. ही डबी सहसा डाव्या बाजूला बसवतात. मावशींना उजव्या बाजूला बसवायला सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलच्या चिठ्ठीत तसं लिहूनही दिलं. हा प्रश्न मला सुचला नसता. मी रकान्यात 'उजव्या' लिहून मोकळा झालो असतो.

डबी बसली. दीड-दोन महिने पहाटे सून धक्क्यावर जात होती. तिला लिलावात पहिल्या आठवड्यात दोनदा फसवलं, हे मावशींनी मला मोठ्या समाधानानं सांगितलं. त्यानंतर त्या पुन्हा टेम्पोत बसायला लागल्या. सून आता अधूनमधून बरोबर जाते, असं ऐकतो. दोघींपैकी कोण कोणावर लक्ष ठेवायला जाते हे विचारायची माझी हिंमत नाही.

आतली डबी नीट काम करते का हे बघायला मॅडमनी पुन्हा होल्टर सांगितला. या वेळी मी कोरी डायरी दिली आणि त्रास झाला की दाबायचं होल्टरवरचं बटण दाखवलं. रोज धक्क्यावर जाताना मावशींचा पुतण्या टेम्पो चालवायचा, त्याला वेळा टिपून ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी होल्टर परत आला. रेघ कुठेही सपाट नव्हती. पहाटे चारच्या सुमाराला, जिथे काळीज रेंगाळलं तिथे, पेसमेकरच्या झटक्याची एक बारीक उभी खूण होती आणि तिच्या मागे लगेच ठोका. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मी मावशींना समोर बसवून, पुतण्यानं लिहिलेली एकेक ओळ वाचून खात्री करून घेऊ लागलो.

"तीन दहाला उठलात. लगेच उभ्या राहिलात की जरा बसलात?"

"बसले."

"किती वेळ?"

"चा पियेपर्यंत."

"चहा कोणी केला?"

"सुनेनं."

"तीन चाळीस, टेम्पो. पुढे बसलात की मागे?"

"पुडं."

"चार पाच, भांडण. लिलाववाल्याशी. हे भांडण बसून केलं की उभं राहून? आणि हात वर केला होता का? कुठला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पेनाकडे पाहिलं, आणि खुर्चीतल्या खुर्चीत मॅडमकडे वळल्या.

"मॅडम, मशीन बरी हाय," त्या म्हणाल्या. "मानूस बदला."